अकरा नॉटचं कुरूप जहाज

दुसऱ्या महायुद्धातल्या जहाजांचा विषय निघाला की यामातो, बिस्मार्क, हूड ही नावं लगेच येतात, कुणाच्या तोफा किती इंची, कुणाचं चिलखत किती जाड यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री दीड-दीड वाजेपर्यंत भांडणं चालतात, आणि मी पण त्यात असतोच, खोटं कशाला बोलू. पण जहाजांची ड्रॉइंग काढायच्या धंद्यात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय की त्या युद्धातलं सगळ्यात हुशार डिझाइन तोफावाल्या जहाजाचं नव्हतंच. ते होतं एका मालवाहू बोटीचं. दिसायला बेढब, अकरा नॉटने, म्हणजे तासाला जेमतेम वीस किलोमीटरने रखडत जाणारी, पोटात १९४० सालीच जुनाट समजलं जाणारं वाफेचं इंजिन. रूझवेल्टसाहेबांना जहाजांची चांगली जाण होती, त्यांनीसुद्धा तिचं चित्र बघून नाक मुरडलं होतं म्हणे.

ही बोट म्हणजे लिबर्टी शिप, आणि तिच्या मागेपुढे असलेली सगळी भावंडं. तिची गोष्ट सांगताना लोक बहुतेक वेळा हेन्री कायझरपासून सुरू करतात कारण तो मोठा गाजलेला अमेरिकन उद्योगपती, चार दिवसात जहाज बांधलं वगैरे. मला त्याच्या आधीच्या दोन माणसांबद्दल लिहायचंय, कारण ते दोघे आमच्या जातीचे. जात म्हणजे ड्रॉइंग बोर्डवाले.

पहिला सिरिल थॉम्पसन. इंग्लंडच्या ईशान्येला संडरलंड, तिथे वेअर नदीच्या मुखाजवळ नॉर्थ सँड्स नावाच्या जागी यांच्या घराण्याचं शिपयार्ड, जे. एल. थॉम्पसन अँड सन्स. १९३०च्या दशकात मंदी आली तेव्हा यार्ड ओस पडलं, नदीकाठच्या सगळ्याच यार्डांची तीच गत होती, आणि या लोकांनी तो रिकामा वेळ हलचा, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाचा, आकार सुधारण्यात घालवला. मॉडेल बनवायची, पाण्याच्या टँकमध्ये ओढून बघायची, पुन्हा आकार बदलायचा. हेतू साधा होता, तेवढ्याच कोळशात जास्त माल जास्त लांब न्यायचा. १९३५ साली त्यातून एम्बॅसेज नावाचं जहाज निघालं आणि ते खरोखरच कमी कोळसा खाणारं ठरलं. पुढची जहाजं त्याच वळणावर सुधारत गेली. वर्तमानपत्रात फोटो छापून यावा असं त्यात काही नव्हतं. पण आमच्या धंद्यात असलं काम ज्याला जमतं तो खरा, कारण सुसाट जहाज कुणीही काढेल हो, हॉर्सपॉवर ओतायला पैसे असले की झालं, भरलेलं जहाज कमी खर्चात चालवणं यात सगळी कसोटी लागते.

मग १९४० उजाडलं. फ्रान्स पडला, जर्मन पाणबुड्यांना थेट अटलांटिकच्या काठावर बंदरं मिळाली, आणि ब्रिटनची मालवाहू जहाजं इतक्या वेगाने बुडायला लागली की तिथल्या यार्डांना ती भरून काढणं शक्यच नव्हतं, ती यार्डं आधीच नौदलाच्या कामात आणि दुरुस्त्यांत बुडालेली. सप्टेंबरमध्ये एक छोटं मिशन अमेरिकेला निघालं, जहाजं बांधून द्या म्हणायला, आणि त्याचा प्रमुख केला थॉम्पसनला. वय वर्षं ३३. सोबत इंजिनांचा माणूस हॅरी हंटर. बॅगेत ड्रॉइंग.

अमेरिकेत पोचल्यावर कळलं की चांगली यार्डं सगळी अमेरिकन नौदलाने आधीच भरून टाकलीयत. म्हणजे नवीन यार्ड बांधायचं, मग त्यात जहाज बांधायचं. थॉम्पसनने गावोगाव फिरून जागा बघितल्या, बोलणी केली, आणि मंजुरी घ्यायला परत लंडनला निघाला. १४ डिसेंबर १९४० ला त्याचं जहाज वेस्टर्न प्रिन्स अटलांटिकमध्ये यू-९६ या पाणबुडीने टॉर्पेडो मारून बुडवलं. साहेब लाइफबोटीत, डिसेंबरचा उत्तर अटलांटिक, वल्ही मारतायत, आणि कागदांची ब्रीफकेस सोबत. वाचला. २० डिसेंबरला करार झाला पण. साठ जहाजं, तीस कॅलिफोर्नियात रिचमंडला आणि तीस पार दुसऱ्या टोकाला मेन राज्यात साउथ पोर्टलंडला. आमच्याकडे एक फाइल क्लाएंटकडून अप्रूव्ह व्हायला तीन महिने लागतात, असो.

या साठ जहाजांची नावं ओशनने सुरू व्हायची. पहिलं ओशन व्हॅनगार्ड, ऑगस्ट १९४१ मध्ये पाण्यात उतरलं. याच डिझाइनवरून अमेरिकेने स्वतःसाठी जे काढलं ते लिबर्टी, आणि कॅनडाने जे काढलं ते फोर्ट. फोर्ट जहाजांच्या पहिल्या प्रकाराला सरळ नॉर्थ सँड्स टाइपच म्हणायचे, यार्डच्या नावावरून. हे नाव लक्षात ठेवा, मुंबईत येणार आहे.

आता इंजिन. लोक हसतात ते यालाच. त्या काळी चांगलं जहाज म्हणजे स्टीम टर्बाइन नाहीतर डिझेल. थॉम्पसन-हंटर जोडीने निवडलं ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे आजोबांच्या काळातलं वर-खाली दट्ट्या मारणारं इंजिन. वाफ आधी छोट्या सिलिंडरमध्ये जाते, तिथून मधल्यात, तिथून मोठ्यात, तीनदा तिच्याकडून काम करून घ्यायचं आणि मग कंडेन्सरला, म्हणजे वाफेचं परत पाणी करणाऱ्या भागाला, सोडायची. लिबर्टीच्या इंजिनात छोट्या सिलिंडरचा व्यास साडेचोवीस इंच, मधल्याचा ३७ आणि शेवटच्याचा ७० इंच, म्हणजे जवळजवळ सहा फूट. मिनिटाला ७६ फेरे आणि ताकद २५०० हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या बोटीला २५०० म्हणजे काहीच नाही. पण टर्बाइनला गिअर लागतात, ते गिअर कापायची मशिनं जगात मोजकी, आणि त्यांच्यासमोर नौदल आधीच रांग लावून उभं, डिस्ट्रॉयर आणि क्रूझरसाठी. डिझेलची तीच कथा. उलट हे म्हातारं इंजिन कुठल्याही बऱ्यापैकी फाउंड्रीत ओतता येत होतं आणि अमेरिकेत अशा कारखान्यांना तोटा नव्हता. शिवाय चालवायला सोपं, थोडंफार बिघडलं तर बोटीवरच्या बोटीवर हातोडा-पाना घेऊन दुरुस्त करता येणार. ब्रिटिश डिझाइनमध्ये बॉयलर कोळशाचे होते कारण कोळसा घरचा, तेल बाहेरून आणायचं. अमेरिकनांनी लिबर्टीत तेलावरचे घातले, त्यांच्याकडे तेल मुबलक.

आता मला सांगा, ज्याने दहा वर्षं घासून हलचा आकार सुधारला त्या माणसाला असं इंजिन निवडताना काय वाटलं असेल. मला नाही वाटत त्याला वाईट वाटलं असेल. पण दुसऱ्या माणसाला नक्की वाटलं असणार.

दुसरा विल्यम फ्रान्सिस गिब्ज. फिलाडेल्फियाचा, जन्म १८८६. नेव्हल आर्किटेक्चरची डिग्री नाही. हार्वर्डला होता तिथे अभ्यास सोडून खोलीत युद्धनौकांचे नकाशे बघत बसायचा, घरच्यांच्या आग्रहाने वकील झाला, थोडे दिवस वकिली केली आणि सोडून दिली. त्याला हवी होती जगातली सगळ्यात वेगवान प्रवासी बोट. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून जप्त केलेलं लेव्हायथन हे अवाढव्य जहाज युद्धानंतर नव्याने सजवायचं काम त्याला मिळालं, जर्मन यार्डाकडे मूळ ड्रॉइंग मागितली तर त्यांनी दहा लाख डॉलर सांगितले. गिब्जने काय केलं, माणसं घेतली, टेप घेतल्या, आणि अख्खं जहाज, नऊशेहून जास्त फूट लांब, आतून-बाहेरून इंच-इंच मोजून ड्रॉइंग स्वतः नव्याने काढली. हा एक किस्सा मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा जास्त आवडतो, कारण पुढे १९४१ मध्ये त्याच्या वाट्याला जे काम आलं त्याची ती रंगीत तालीमच होती.

ते काम असं. संडरलंडहून आलेली ड्रॉइंग होती मोजकी. ब्रिटिश यार्डात पद्धतच तशी, ऑफिसने मुख्य मुख्य गोष्टी काढून द्यायच्या आणि बाकी फोरमनला ठाऊक. ब्रॅकेट, म्हणजे सांध्याला आधार देणारा तुकडा, कुठे किती मोठा, पाइप कुठून वळवायचा, प्लेटची कड कुठे छाटायची, हे सगळं पिढ्यानपिढ्या हातात असलेलं, कागदावर कशाला लिहायचं. आपल्या आजीच्या रेसिपीत मीठ चवीपुरतं असतं ना, तसं. आणि इकडे रिचमंडमध्ये जहाज बांधणार कोण, तर कालपर्यंत शेतात, किराणा दुकानात, हॉटेलात काम करणारे बायका-पुरुष, त्यातल्या कित्येकांनी समुद्रच पहिल्यांदा बघितलेला. खुद्द तिथला यार्डवाला कायझर धरणं आणि रस्ते बांधणारा माणूस, जहाजाच्या पुढच्या-मागच्या भागाला सरळ पुढचं टोक-मागचं टोक म्हणायचा असं सांगतात. यांना चवीपुरतं सांगून चालणार नव्हतं.

न्यूयॉर्कमध्ये गिब्ज अँड कॉक्स कंपनीच्या ऑफिसात शेकडो ड्राफ्ट्समननी ते सगळं न लिहिलेलं लिहून काढलं. एकेक तुकडा, एकेक भोक. रिव्हेटच्या, म्हणजे प्लेटा जोडायला ठोकायच्या खिळ्यांच्या, जागी वेल्डिंग आलं म्हणून जोड नव्याने काढले. इंग्लिश पद्धतीत राहायच्या खोल्या दोन ठिकाणी विभागलेल्या होत्या, त्या लिबर्टीत मधोमध एकाच घरात आणल्या, म्हणजे पाइप-वायरिंगची लांबी कमी. आणि हे सगळं असं काढायचं की कॅलिफोर्नियात कापलेला तुकडा आणि मेनमध्ये कापलेला तुकडा एकाच मापाचा. आज आमच्याकडे सॉफ्टवेअर आहे, थ्रीडी मॉडेल आहे, प्लेट कापायचं मशीन थेट फाइलवरून चालतं, तरी दर प्रोजेक्टला यार्डातून फोन येतो की साहेब हा ब्रॅकेट बसत नाहीये. तेव्हा पेन्सिल, ट्रेसिंग, आणि मोल्ड लॉफ्टच्या, म्हणजे आखणीच्या मोठ्या हॉलच्या, जमिनीवर पूर्ण मापात आखलेल्या रेषा, त्यावरून लाकडी टेम्प्लेट.

एक गोष्ट जवळून सांगतो म्हणजे कळेल. वेल्डिंग करताना जोड खाली, तुमच्या समोर आडवा असेल तर वितळलेलं लोखंड आपोआप जागेवर बसतं, नवखा माणूस काही आठवड्यात शिकतो. तोच जोड डोक्यावर असला तर वितळलेला थेंब खाली येतो, हात थरथरतो, आणि ते जमायला वर्षं लागतात. जुन्या पद्धतीत जहाज स्लिपवेवर, म्हणजे पाण्याकडे उतरत्या धक्क्यावर, तळापासून वर चढवत जायचे, म्हणजे बरेच जोड उभे नाहीतर डोक्यावर. कायझरच्या यार्डात तळाचे मोठाले भाग जमिनीवर पालथे ठेवून जोडायचे, वेल्डर खाली बघून काम करणार, मग क्रेनने अख्खा भाग उलटा करून जागेवर नेऊन ठेवायचा. म्हणजे जहाज कुठे तोडायचं आणि भाग केवढा करायचा हे क्रेनच्या ताकदीवर आणि वेल्डरच्या मानेवर ठरत होतं. माझ्या मते युद्धातल्या जहाजाचं डिझाइन म्हणतात ते हे, समुद्र नंतर येतो, आधी ती नवशिकी पोरगी येते जिच्या हातात आज पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर दिलाय.

पहिलं लिबर्टी, पॅट्रिक हेन्री, २७ सप्टेंबर १९४१ ला उतरलं, ते पूर्ण बांधून हाती द्यायला एकूण २४४ दिवस लागले. पुढे सरासरी दीड महिन्यापर्यंत खाली आली. रॉबर्ट पियरी चार दिवस साडेपंधरा तासांत, पण ती जाहिरातबाजी होती, भाग आधीच तयार करून ठेवलेले, त्याचं फार कौतुक मला नाही. एकूण २७१० लिबर्टी झाल्या. एकाच डिझाइनची २७१०, प्रत्येक ४४१ फूट लांब, दहा हजार टनांवर माल घेणारी.

आणि मग त्या तडकायला लागल्या.

जानेवारी १९४३, ओरेगॉनमधलं पोर्टलंड. स्केनेक्टडी नावाचा टँकर, लिबर्टी नव्हे पण त्याच वेल्डिंगच्या पिढीतला, यार्डाच्या धक्क्याला शांत पाण्यात उभा होता. थंडीची रात्र, लाट नाही वारा नाही, आणि मोठा आवाज होऊन जहाज मधोमध फाटलं, फक्त तळाच्या प्लेटने धरून ठेवलं. लिबर्टींच्या डेकवर पण ठिकठिकाणी तडे, काही तर समुद्रात दोन तुकडे. पहिला आरोप अर्थातच वेल्डरांवर, त्यातही बायकांवर. काही ठिकाणी वेल्डिंग खराब होतंही. पण केंब्रिजमध्ये कॉन्स्टन्स टिपर नावाच्या संशोधक बाईंनी दाखवून दिलं की मूळ दुखणं पोलादातच आहे, ते पोलाद ठराविक तापमानाच्या खाली गेलं की वाकायच्या ऐवजी काचेसारखं तुटतं, आणि उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात ते तापमान रोजचंच. त्यात हॅचचे, म्हणजे माल आत उतरवायच्या डेकवरच्या तोंडांचे, कोपरे काटकोनात कापलेले, सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होणार, तडा तिथून सुटणार. रिव्हेटच्या जहाजात तडा प्लेटच्या कडेपर्यंत जातो आणि थांबतो कारण पुढची प्लेट वेगळी आहे, वेल्डिंगने मात्र सगळं जहाज एकच अखंड पत्रा झालेलं, तडा सुटला की थांबायला जागाच नाही. उपाय काय केले, तर कोपरे गोलाकार केले, आणि डेकवर मुद्दाम रिव्हेटने जोडलेल्या पट्ट्या टाकल्या, तडा अडवायला. काटकोनी कोपरा हा डिझाइनचा दोष होता, ते मान्य केलंच पाहिजे. तेवढ्या घाईत तो टळला असता का? मला वाटतं नाही. आज आम्ही प्रत्येक ओपनिंगचा कोपरा गोल काढतो, ज्युनिअर पोरांना कारण विचारलं तर रूल बुकात आहे म्हणतात.

आता मुंबई. नॉर्थ सँड्स टाइपचं एक फोर्ट जहाज १९४२ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रिन्स रुपर्टला बांधलं, नाव फोर्ट स्टिकीन, ७१४२ ग्रॉस टन. हो, तेच. १९४४चा मुंबईच्या गोदीतला स्फोट. आमच्या घरात जुनी माणसं तारखा सांगताना स्फोटाच्या आधी आणि स्फोटाच्या नंतर असं सांगायची, आणि गंमत बघा, मी शिकून या धंद्यात आल्यावर बऱ्याच काळाने मला कळलं की ती बोट आणि लिबर्टी सख्ख्या चुलत बहिणी.

जहाज फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडहून निघालं, साधारण १४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा, विमानं. कराचीत काही माल उतरवून त्या जागी कापसाच्या ८७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड असलं काय काय भरलं. १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागलं. दोन नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या कप्प्यात, खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर दारूगोळा. त्या काळच्या बोटींवर हॅच झाकायला लाकडी फळ्या असायच्या, वर ताडपत्री. चौदा तारखेला दुपारी त्या होल्डमधून धूर निघाला. बंबवाले पाणी मारत होते आणि पाण्यावर जळत्या गाठी तरंगत वर, दारूगोळ्याकडे सरकत होत्या. बोटीच्या बाहेरच्या अंगाला एका ठिकाणी रंगाला फोड आले, म्हणजे आग नेमकी त्या प्लेटच्या मागे, तिथे भोक पाडायला गॅस कटर आणला तर तो चालेना. बोट बुडवून टाकावी तर गोदीत पाणी तेवढं खोल नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आठशेच्या वर माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिवस पाळतात तो त्यांच्याच आठवणीत.

थॉम्पसनचं जहाज यात निर्दोष आहे, कापसाच्या डोक्यावर दारूगोळा ठेवायचा निर्णय ड्रॉइंगवर नव्हता. त्यानं पाच होल्डचा, काहीही भरता येईल असा डबा काढून दिला होता, आणि युद्धात त्यात खरोखरच काहीही भरलं गेलं. पण या लोकांबद्दल वाचताना मला हे जहाज वगळता येत नाही.

गिब्जने युद्धानंतर आपली हौस भागवून घेतली. १९५२ मध्ये युनायटेड स्टेट्स हे त्याचं स्वप्नातलं जहाज निघालं आणि पहिल्याच फेरीत ३५ नॉटच्या वर सरासरीने अटलांटिक ओलांडून विक्रम केला. दिसायला देखणं, लांब, चपळ, दोन मोठी धुराडी. काही वर्षांतच जेट विमानं आली, १९६९ मध्ये ते बंद पडलं आणि मग अर्धशतक धक्क्यावर गंजत उभं होतं. लिबर्टी पाच वर्षं टिकल्या तरी पुरे अशा हिशोबाने काढलेल्या, आणि ग्रीक मालकांनी युद्धानंतर शंभर एकदम घेऊन त्यावर धंदे उभे केले, कित्येक बोटी साठच्या दशकातही माल वाहत होत्या.

आता चालू स्थितीत उरल्यात दोनच, बाल्टिमोरला जॉन डब्ल्यू. ब्राउन आणि सॅन फ्रान्सिस्कोला जेरेमाया ओब्रायन. ही ओब्रायन १९९४ मध्ये नॉर्मंडीवरच्या १९४४च्या चढाईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला स्वतःच्या इंजिनावर जाऊन आली. बे एरियात आपली निम्मी मंडळी आहेत, कुणाकडे जाणं झालं तर गोल्डन गेटचे फोटो काढून झाल्यावर तिथे जा, मी गेलोय. ठराविक दिवशी इंजिन चालवतात, ती तारीख आधी बघून ठेवा, नाहीतर नुसतं लोखंड बघून परत याल. खाली इंजिन रूममध्ये उतरायला देतात, शिडी उभी आहे, चपला घालून जाऊ नका. तेलाचा आणि गरम वाफेचा वास येतो, सत्तर इंची सिलिंडरच्या खाली क्रँक गोल फिरत असतो आणि एक म्हातारा स्वयंसेवक दर फेऱ्याला वेळ साधून हात आत घालतो आणि बेअरिंग गरम झालंय का ते तळहाताने बघतो. त्याला विचारलं तर तो तुम्हाला पण करू देईल म्हणाला, मी नाही म्हटलं.